वळणाचा हिशेब

गुहागरहून दाभोळला जायचे तर धोपाव्याच्या धक्क्यावर जंगल जेट्टीची वाट बघत बसावे लागते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आणि माझा भाचा असेच बसलो होतो. भाचा बरीच वर्षे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात आहे. तो मुलूख तळ्यांचा. तिथे त्याला पाण्यावरच्या स्कीइंगचा नाद लागला. त्यातल्या स्लॅलम या प्रकारात पायाखाली एकच लांब फळी असते. यांत्रिक बोट सरळ रेषेत पळते, मागे दोरीला धरलेला खेळाडू नागमोडी जात डाव्या-उजव्या बाजूच्या सहा तरंगत्या बोयांना बाहेरून वळसे घालतो. सगळी शर्यत २५९ मीटरची. मोठ्या स्पर्धांत पुरुषांसाठी बोटीचा वेग तासाला ५८ किलोमीटर असतो. तो साधला की दोरी आखूड करत नेतात. बोटीच्या बळावर वेग कोणालाही मिळतो, त्यामुळे खरा कस लागतो तो वळणात.

भाच्याची तक्रार अशी होती की एका बाजूचे वळण त्याला छान साधते, पण दुसऱ्या बाजूला फळी वळायला तयारच नसते. ती सरळ पुढे पळते, उशिरा वळते आणि पुढचा बोया हातचा जातो. फळीच्या मागच्या टोकाखाली धातूचे एक पाते असते. ते किती खोल असावे, किती पुढे-मागे असावे, हे स्क्रू सैल करून बदलता येते आणि ते बदल इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. भाच्याने ते पाते पन्नास वेळा हलवले होते. एका बाजूचे वळण सुधारले की दुसऱ्या बाजूचे बिघडायचे.

शेजारी वेलदूरचे एक वयस्क तांडेल बसले होते. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तू उभा कुठं असतोस? पुढं की मागं?" भाचा म्हणाला, फळीवर पाय तर बांधलेलेच असतात. तांडेल म्हणाले, "पाय नाही रे बाबा, भार. होडीत मागं माणसं जास्त झाली की नाळ वर येते. मग सुकाणू कितीही मार, होडी सरळच पळणार. आणि सगळी पुढं बसली, तर वळायला लागली की थांबत नाही."

जंगल जेट्टी आली आणि बोलणे तिथेच राहिले. खाडी ओलांडताना भाच्याने मला विचारले, "मामा, आंग्र्यांच्या गलबतांना हा त्रास नव्हता का?" आंग्र्यांच्या आरमारावर मी अनेक वर्षे टिपणे काढत आलो आहे. किती तोफा, किती माणसे, कोणता किल्ला कोणी कधी घेतला, हे सगळे त्यांत होते. वळणाबद्दल एक ओळ नव्हती. घरी येऊन जुनी टिपणे त्या एका प्रश्नासाठी पुन्हा वाचली. हा लेख त्या वाचनातून आलेला आहे.

गुराब वळते तेव्हा तोफ वळते

आंग्रेकालीन जहाजांचे सर्वांत नेटके वर्णन त्यांच्या शत्रुपक्षाकडून आलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ मध्ये, म्हणजे तुळाजी आंग्र्यांचा पाडाव होऊन सात वर्षे झाली तेव्हा, प्रसिद्ध झाला. त्याने गुराब आणि गलबत या दोन्हींची बांधणी तपशिलाने दिली आहे.

गुराब हे नाव मूळ अरबी, त्याचा अर्थ कावळा. ऑर्मच्या माहितीप्रमाणे बहुतेक गुराबा दोन डोलकाठ्यांच्या आणि दीडशे टनांच्या आतल्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब तीनशे टनांपर्यंत जाई. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, पाण्यात बुडणारा भाग अगदी कमी, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी. युरोपीय जहाजाला पुढे फुगीर छाती असते, तिच्याऐवजी गुराबेला पुढे काढलेली लांब चोच होती. पुढच्या भागातल्या आडव्या भिंतीत भोके पाडून त्यांतून नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या असत आणि त्यांचा मारा चोचीवरून होई. दोन्ही कुशींना सहा ते नऊ पौंडी तोफा असत.

गलबत म्हणजे याच घाटाची, पण लहान, वल्ह्यांची नौका. मोठ्यात मोठे गलबत सत्तर टनांच्या आसपास. मुख्य डोलकाठीवर एकच भले मोठे तिकोनी शीड, त्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाणारे. चाळीस-पन्नास भक्कम वल्ही, आणि ती मारली की तासाला चार मैलांची चाल. वजन वाचवण्यासाठी वरचा तक्ता पुष्कळदा चिरलेल्या बांबूंचा.

हे वर्णन मी पूर्वीही वाचले होते, पण तोफांची संख्या टिपून पुढे गेलो होतो. या वेळी नजर तोफांच्या दिशेवर थांबली. त्या काळच्या युरोपीय युद्धनौकेचे सारे बळ तिच्या कुशीत असे. एका बाजूच्या वीस-पंचवीस तोफा एकदम उडवायच्या, ही त्यांची रीत. अशा जहाजाच्या पिछाडीला मात्र थोड्याच तोफा असत. गुराबेच्या मोठ्या तोफा पुढे रोखलेल्या. त्यांचा नेम धरायचा म्हणजे अख्खी गुराबच लक्ष्याकडे वळवायची. वळता न येणारी गुराब म्हणजे नेम न धरता येणारी तोफ.

ऑर्मने आंग्र्यांची लढण्याची रीतही दिली आहे, ती या बांधणीशी तंतोतंत जुळते. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते असा त्यांचा ताफा असे. सावज दिसले आणि वारा पडलेला असला की गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. सगळे मिळून शत्रूच्या पिछाडीला जमत आणि पुढच्या तोफांनी त्याची शिडे आणि दोर तोडत. जहाज लुळे झाले की चहूबाजूंनी जवळ येत आणि अखेरीस शेकडो माणसे तलवारी घेऊन वर चढत.

मोठे जहाज अशा वेळी वळून आपली कूस शत्रूसमोर का आणू शकत नसे? सुकाणू ही पाण्यात उभी धरलेली फळी. तिच्यावरून पाणी वेगाने वाहिले तरच ती जहाजाची पिछाडी ढकलते. वारा पडला की जहाजाची चाल संपते आणि चाल संपली की सुकाणू मेले. वल्ह्याला मात्र वाऱ्याची गरज नसते. एका बाजूची वल्ही पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे मारली की गलबत जागच्या जागी फिरते. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी 'डर्बी' हे इंग्लंडहून मुंबईला खजिना घेऊन येणारे कंपनीचे मोठे जहाज पकडले. १७५४ मध्ये तुळाजींनी पन्नास, छत्तीस आणि अठरा तोफांची तीन डच जहाजे गाठली, पहिली दोन जाळली आणि तिसरे धरले. नुसत्या तोफा मोजल्या तर हे हिशेब जमत नाहीत.

एक दुखणे घालवताना दुसरे

पण कोकणी बांधणीचे नुसते गोडवे गाण्यात अर्थ नाही. वळण सोपे करणारी प्रत्येक गोष्ट दुसरीकडे काही तरी मागत असे.

पुढे झुकलेल्या नाळेचेच बघू. जहाजाच्या बुडाशी जो कणा असतो त्याला आपल्याकडे पठाण म्हणतात. नाळ खूप तिरकी काढली की जहाज वरून लांब दिसते, पण पाण्यातला पठाण आखूड राहतो. लांब सरळ पठाण जहाजाला रेषेत ठेवतो आणि वळू देत नाही, आखूड पठाण चटकन फिरतो. किनाऱ्यावरची पत्तेमारी याच घाटाची. एकोणिसाव्या शतकातली तिची मापे साधारण ७६ फूट लांबी, २१ फूट रुंदी आणि ११ फूट खोली अशी मिळतात, भार २०० टन. लांबी रुंदीच्या साडेतीन पटींच्या आसपास, म्हणजे चांगले ऐसपैस अंग.

या नाळेची किंमत काय? ऑर्मच सांगतो की समोरून लाट आली की गुराब जोरात आपटे, चोच पाण्यात खुपसे. त्यावर इथल्या बांधणाऱ्यांनी चोच आखूड केली नाही. चोचीवरच्या तक्त्याला त्यांनी कठडाच ठेवला नाही, म्हणजे वर आलेले पाणी न साचता दोन्हीकडून निघून जाईल. दुखणे समूळ जाणार नाही हे मान्य करून त्याचा त्रास कमी करण्याचा हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो.

दुसरी किंमत शिडाची. तिकोनी शीड वाऱ्याच्या तोंडाला चौकोनी शिडापेक्षा अधिक जवळ जाऊ शकते, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरे आहे. पण वाऱ्याच्या विरुद्ध जायचे तर नागमोडी जावे लागते आणि प्रत्येक वळणाला शीड एका बाजूचे दुसऱ्या बाजूला न्यावे लागते. तिकोनी शिडाचा लांब वासा डोलकाठीच्या एका अंगाला असतो. नाळ वाऱ्यातून फिरवली तर शीड डोलकाठीवर चिकटते आणि काम बिघडते. म्हणून खलाशी उलटा वळसा घेतात. वाऱ्याकडे पाठ करायची, वासा उभा करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचा, शिडाचा दोर फिरवून आणायचा आणि मग पुन्हा वाऱ्याकडे यायचे. डोलकाठी पुढे झुकती ठेवण्याचा एक फायदा इथे मिळतो, वासा फिरवायला जागा होते. पण या वळशात गलबत वाऱ्याबरोबर मागे ढकलले जाते. कमावलेले अंतर थोडे गमवावे लागते आणि सगळी माणसे कामाला लागतात. सुटलेल्या वाऱ्यात हे धोक्याचेही असते.

तिसरी गोष्ट नीरमाची. बुडाशी भरलेल्या दगड-वाळूच्या भाराला नीरम म्हणतात. नीरम मागे गेले की गलबत सरळ धावते पण वळायला जड होते, पुढे आले की झटकन वळते पण वळण आवरत नाही. माल चढला-उतरला, पाणी प्यायले गेले, लढाईसाठी दोनशे माणसे पुढे धावली, की हा तोल बदलणार. म्हणजे एकदा जमवून कायमचे विसरून जावे असे यात काही नव्हते. धोपाव्याच्या धक्क्यावर तांडेलांनी भाच्याला विचारलेला प्रश्न इथल्या दर्यावर्दींना दर फेरीला स्वतःला विचारावा लागत असे.

वारा, खाडी आणि किल्ला

वळताना अंतर गमवायचे असेल तर कमीत कमी वळणे घ्यावी लागतील अशी वाट धरणे हा त्यावरचा साधा उपाय. कोकण किनाऱ्याने तो आयता दिला होता. पावसाळा सरल्यावर आपल्याकडे रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. दोन्ही वारे किनाऱ्याला आडवे. म्हणून किनारा धरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गलबताला ते कुशीवर मिळतात आणि फारशी नागमोड न घेता पल्ला मारता येतो. पहाटे मतलईवर खाडीतून बाहेर पडावे, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर पुढच्या खाडीत शिरावे, हा शिरस्ता या वाऱ्यांनीच घालून दिला.

पण त्यासाठी खाड्या आणि त्यांच्या तोंडावरचे किल्ले आपल्या हाती हवेत. आमच्या वाशिष्ठीचे मुख याचा उत्तम नमुना आहे. उत्तरेला दाभोळच्या बाजूने वाळू पुढे सरकलेली, खोल पाण्याची वाट दक्षिणेला अंजनवेलच्या खडकाजवळून. बाहेरून येणाऱ्याला गोपाळगडाच्या नजरेखालीच वळावे लागते. वळणाऱ्या जहाजाची चाल मंदावलेली असते, शिडांची उलथापालथ चाललेली असते. तोफेला याहून चांगली वेळ मिळत नाही. गड बांधणाऱ्याने जागा निवडताना हा हिशेब केला असणार, असे गडाच्या तटावर उभे राहिले की पटते. सिद्दीच्या ताब्यातला हा गड तुळाजी आंग्र्यांनी १७४५ च्या सुमारास घेतला.

मोठ्या जहाजाला खाडीत घुसता येत नाही आणि लहान गलबताला उघड्या समुद्रात सुटलेल्या वाऱ्यात त्याच्यापुढे टिकता येत नाही, हे त्याही आधी खांदेरीच्या युद्धात दिसले होते. १८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे शिवाजी महाराजांची गलबते नागावच्या बाजूने इतक्या वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलायला जेमतेम वेळ मिळाला. थोड्याच वेळात 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. 'रिव्हेंज' ही मोठी युद्धनौका मात्र ठामपणे लढली आणि तिने गलबतांना परतवून लावले. दोन्ही गोष्टी एकाच सकाळच्या आहेत. आपण पहिली सांगतो आणि इंग्रज ग्रंथकार दुसरी. दोन्ही एकत्र ठेवल्या तरच त्या नौका कशासाठी होत्या ते कळते. गलबते मागे हटली तरी खांदेरीला रसद जातच राहिली आणि बेट मराठ्यांकडेच राहिले.

बांधलेली गलबते

आता फेब्रुवारी १७५६. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग गेला होता. अंजनवेलचा गोपाळगड पेशव्यांच्या फौजेने घेतला. पेशवे आणि इंग्रज यांनी तुळाजींविरुद्ध हातमिळवणी केली होती. जमिनीवरून मराठी फौज आणि समुद्रावरून अॅडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर चालून आले. 'केंट', 'कंबरलँड', 'टायगर', 'सॉल्सबरी' ही इंग्लंडच्या राजाची मोठी जहाजे त्यात होती, आणि किनाऱ्यावर उतरवायच्या फौजेचा प्रमुख रॉबर्ट क्लाइव्ह होता. तुळाजी स्वतः तहाच्या बोलण्यासाठी मराठी छावणीत गेलेले होते.

या वेळी आंग्र्यांच्या गुराबा कुठे होत्या? किल्ल्याच्या तटाखाली, एकमेकींना बांधून उभ्या. ज्यांचे सारे बळ वळण्यात त्यांना दोरांनी जखडून तटाचा आसरा दिला होता. एकेकाळी हा आसरा पुरेसा असे, कारण पूर्वीच्या इंग्रज स्वाऱ्यांपाशी इतकी जहाजे आणि इतक्या तोफा नव्हत्या. १२ फेब्रुवारीला दुपारी इंग्रज जहाजे दोन रांगा करून बंदरात शिरली आणि मारा सुरू झाला. एक गोळा 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडून फुटला. हे जहाज आंग्र्यांनी काही वर्षांपूर्वी इंग्रजांकडूनच पकडले होते. ते पेटले, आग दोरांवरून शेजारच्या गुराबेवर, तिच्यावरून पुढच्या गुराबेवर गेली. तासाभरात सगळे आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

या घटनेबद्दल आपल्याकडे दोन प्रकारे बोलले जाते. एक म्हणजे पेशव्यांनी स्वतःचे आरमार बुडवले, दुसरे म्हणजे इंग्रजांच्या तोफांपुढे आपल्या होड्या कशा टिकणार. पहिल्यात राजकारणाचे सत्य आहे, त्याबद्दल वाद नाही. दुसरे मला आता अपुरे वाटते. त्याच बांधणीच्या नौकांनी दोन वर्षांपूर्वी पन्नास तोफांचे डच जहाज जाळले होते. मधल्या काळात नौका बदलल्या नव्हत्या. बदलले होते ते त्यांच्या भोवतीचे सगळे. खाड्यांची तोंडे एकेक करून गेली, जमिनीकडची बाजू शत्रूची झाली, सरदार छावणीत अडकला, आणि उरल्या त्या नुसत्या गुराबा. वळायला जागा नसेल तर वळणारी नौका ही लाकडांची रास असते.

याचा पडताळा पुढच्या काळातही मिळतो. विजयदुर्गावर पेशव्यांचे आरमार आनंदराव धुळपांनी चालवले. ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीच्या समुद्रात त्यांनी कंपनीचे 'रेंजर' हे जहाज झुंजून धरले. नौका त्याच घाटाच्या होत्या, पण खाड्या आणि किल्ले पाठीशी होते. आणि मुंबईचे इंग्रज स्वतः काय करत होते? किनाऱ्याच्या राखणीसाठी तेही गुराबा आणि गलबते बांधून घेत होते. या पाण्याला कोणती नौका लागते हे त्यांना मार खाऊन कळले होते.

पाते आणि भार

पाण्यावरच्या स्कीचा जनक राल्फ सॅम्युएलसन हा मिनेसोटाचाच, माझ्या भाच्याच्या राज्यातला. १९२२ मध्ये पेपिन तळ्यावर अठरा-एकोणीस वर्षांच्या या मुलाने आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की, मग लाकडाच्या रुंद फळ्या घेऊन त्यांची टोके उकळत्या पाण्यात वाकवली. तरीही तो बुडतच होता. अंग मागे रेलून फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवली, तेव्हा तो पाण्यावर उभा राहिला. गंमत अशी की त्याला तारणारे हे मागे रेलणेच आज स्लॅलमच्या वळणात खोट ठरते. खेळाडू मागच्या पायावर बसला की फळीचे पुढचे टोक पाण्याबाहेर राहते आणि फळी सरळ पळते.

गेल्या हिवाळ्यात भाच्याचा फोन आला. त्याने पाते कारखान्याच्या मूळ मापावर परत नेले होते आणि पायाचे बंध एक भोक पुढे घेतले होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता. मित्राकडून चित्रीकरण करून घेतल्यावर त्याला दिसले की बिघडणाऱ्या बाजूला वळण सुरू होण्याच्या कितीतरी आधी, बोटीच्या मागून आडवे जातानाच, तो कमरेतून मागे बसत होता. चूक वळणात नव्हतीच. "तांडेलमामांना सांग," तो म्हणाला, "भार मागे होता."

मी वेलदूरला जाऊन सांगितले. ते जाळे विणत होते. मान वर न करता म्हणाले, "मग आता वळते का?" मी म्हटले, पूर्वीपेक्षा बरी वळते, पण वळण कधी कधी आवरत नाही म्हणतो.

"आता थोडं मागं घे म्हणावं," ते म्हणाले आणि पुढची गाठ मारली.